साऱ्याचा हप्ता आणि कराचा हप्ता

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचा एक जुना सभासद हातात कागद घेऊन जालन्याच्या आमच्या कचेरीत आला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ. ग्रॅच्युइटीचे आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्याने बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते आणि घराच्या पुढच्या बाजूचे दोन गाळे भाड्याने दिले होते. वर्ष संपल्यावर त्याने मुलाकडून हिशेब करवून घेतला, जुलै महिन्यात कराची पुरती रक्कम एकदम भरली, विवरणपत्रही वेळेत दिले. तरी आयकर खात्याने त्याच्याकडे व्याज मागितले होते. “भाऊ, एक पैसा बुडवला नाही मी. मग हे व्याज कसलं?” असा त्याचा प्रश्न. उभ्या नोकरीत त्याचा कर पगारातूनच परस्पर कापला गेला. कर भरण्याला तारीख असते हे त्याला कळण्याचे कधी कारणच पडले नव्हते.

आम्ही त्याला उत्तर दिले ते कायद्यापुरते बरोबर होते. कर बुडवणे वेगळे आणि कराची वेळ चुकवणे वेगळे, आणि हे व्याज दुसऱ्या गोष्टीबद्दलचे आहे, असे आम्ही सांगितले. तो गेल्यावर मात्र आमचे आम्हांलाच ते उत्तर तोकडे वाटू लागले. सरकारला कर किती द्यावा यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद होतात; तो केव्हा द्यावा यावर कोणी फारसे बोलत नाही. आम्ही काही कायद्याचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे सगळे शिक्षण वाचनालयात बसून झाले. त्या सवयीने या ‘केव्हा’चा माग काढू लागलो, तेव्हा तो आयकर खात्याच्या दारापाशी थांबला नाही, थेट निजामशाहीच्या महसुलापर्यंत आम्हांला घेऊन गेला.

श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी आपले बहुतेक तालुके औरंगाबादेत आणि काही परभणीत होते. आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. त्या राज्याचा सरकारी कारभार चाले तो फसली वर्षाने. फसल म्हणजे पीक. दख्खनमध्ये हे वर्ष शहाजहानच्या अमदानीत, १६३६ च्या सुमारास चालू झाले असे मानतात. त्याचा आरंभ मुळात मृग नक्षत्राशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याशी जोडलेला होता. पुढे हैदराबाद सरकारने ते ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून धरले. वर्षाचे नाव मात्र पिकाचेच राहिले. ज्या कोणी हे वर्ष बसवले त्याला एक साधी गोष्ट ठाऊक होती, की सारा देणाऱ्याच्या हातात पैसा कधी येतो हे आभाळ ठरवते, दफ्तर ठरवत नाही.

पीक निघाले, मोंढ्यात विकले, त्यातून सारा दिला, हा झाला सरळ व्यवहार. रक्कम ठरलेली, हातात आलेली, त्यातून द्यायची. दुसरा व्यवहार असा, की पीक अजून शेतात आहे किंवा पेरलेलेही नाही, आणि येणाऱ्या पिकाचा अंदाज धरून आजच द्यायचे. पहिल्यात देणाऱ्याला देणे माहीत असते. दुसऱ्यात त्याला कोणाच्या तरी अंदाजावर विसंबावे लागते. तो अंदाज कोण करतो, आणि चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो, यावर सगळे अवलंबून असते.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दुसऱ्या व्यवहाराने काय केले ते पाहण्यासारखे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या लढाईनंतर इंग्रजांची पकड घट्ट झाली आणि निजामाच्या माथी एक कायमचा खर्च बसला, तो म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण पगार निजामाने द्यायची, अशी कंटिंजंट फौज. जालन्याला या फौजेची छावणी होती. आता फौजेचा पगार दर महिन्याला लागतो आणि पीक येते वर्षातून दोनदा. खरिपाची ज्वारी खळ्यावर यायची म्हणून शिपाई चार महिने बिनपगारी थांबत नाही. (थांबला तर काय होते, हे आम्ही कामगार संघटनेवाल्यांनी सांगायला नको.)

ही दरी भरून काढायला सावकार पुढे आले. १८१४ साली हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी निघाली. राज्याचा कारभार तेव्हा पेशकार चंदूलाल यांच्या हाती होता. पेढीने दरबाराला भारी व्याजाने पैसे द्यायचे, औरंगाबाद भागातल्या फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला चुकवायचा, आणि त्याच्या बदल्यात जिल्ह्यांच्या वसुलीवर हक्क लावून घ्यायचा, असा तो व्यवहार होता. १८२० साली ६० लाखांचे कर्ज झाले. रेसिडेंट मेटकाफ याने हे प्रकरण धसाला लावले आणि १८२४ साली पेढी बुडाली. या कर्जाचे तारण कोणते होते? तर अजून न पिकलेले पीक. पुढच्या वर्षाचा सारा राज्याने आधीच खाऊन टाकलेला होता.

पेढी बुडाली तरी रीत बुडाली नाही. तालुकेच्या तालुके इजाऱ्याने दिले जात. इजारदार दरबारात आगाऊ रक्कम भरी. ती रक्कम त्या तालुक्यातून काय निघेल या अंदाजावर ठरलेली असे. ती, तिच्यावरचे व्याज आणि स्वतःचा नफा, असे सगळे तो रयतेकडून काढी. चढी बोली करणारा दुसरा आला की पहिल्याला मुदतीआधीच हुसकावले जाई, म्हणून मिळेल तितके लवकर ओरपण्याकडे त्याचा कल. अंदाज दरबाराचा आणि इजारदाराचा, आणि तो चुकला तर तोटा कुणब्याचा! अंदाज करणाऱ्या दोघांपैकी एकानेही नांगराला हात लावलेला नसे. मेटकाफने मधल्या काळात इंग्रज अधिकारी नेमून गावोगाव ठरावीक रकमेचे करार करून दिले होते. पण १८२९ साली नासिरुद्दौला गादीवर आले आणि त्यांच्या मागणीवरून ते अधिकारी काढून घेण्यात आले. राज्यात परके अधिकारी नकोत ही त्यांची मागणी गैर होती असे आम्ही म्हणणार नाही. पण रयतेच्या वाट्याला पुन्हा इजारदार आला, हेही खरे आहे.

याचा शेवट कसा झाला? कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी वाढत वाढत इतकी झाली, की मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. आपल्या सीमेला लागून असलेला वऱ्हाडचा कापसाचा मुलूख राज्याच्या हातून गेला तो रणांगणावर नव्हे, हिशेबाच्या वहीत. तह झाला आणि त्याच महिन्यात सालारजंग दिवाण झाले. वय अवघे चोवीस. १८८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते दिवाण होते. त्यांनी इजारे मोडीत काढले, तालुकदारांना पगारी नोकर केले, १८६५ साली जिलाबंदी करून जिल्हे आखले, आणि धान्याची बटाई घेण्याऐवजी रोख सारा बांधून दिला. पुढे मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन प्रतवारीप्रमाणे धारा ठरला. धारा हलका नव्हता. पण कुणब्याला यंदा किती द्यायचे आणि कोणत्या महिन्यात द्यायचे, ते आधी कळू लागले. राज्य सुधारते ते पुष्कळदा अशा बिनदिखाऊ गोष्टीने.

अर्थात तारीख ठरली म्हणजे ती देणाऱ्याच्या सोयीची असते असे नाही. शेजारच्या अहमदनगर आणि पुणे जिल्ह्यांत १८७५ साली कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या; १२ मे रोजी सुप्याला ठिणगी पडली. तिथे इजारदार नव्हता, सरकारी धारा होता, हप्त्याच्या तारखा होत्या. हप्ता आला आणि माल विकला गेलेला नसला, तर कुणबी सावकाराकडे जाई. सरकारचे देणे वेळेवर पोचे; कुणब्याचे देणे सावकाराच्या वहीत वाढत राही. वेळेवर भरणाऱ्या माणसाचा पैसा कोठून आला, हे वसुलीच्या तक्त्यात लिहिण्याची सोय नसते.

एक गोष्ट मात्र या जुन्या महसुली व्यवस्थेत होती, आणि ती आजही आहे. पीक बुडाले तर सारा तहकूब करायचा, फारच बुडाले तर सूट द्यायची, आणि त्यासाठी पिकाची आणेवारी काढायची. आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. सप्टेंबरअखेर नजर अंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र होते. जालना जिल्ह्यातला शेतकरी या तीन आकड्यांकडे डोळे लावून बसतो. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आधी अंदाज, मग दुरुस्ती, मग पक्का आकडा, ही युक्ती आयकरवाल्यांनी काढलेली नाही. ती शेताच्या बांधावर फार पूर्वीपासून होती.

आता आयकराकडे येऊ. १८५७ च्या उठावाने इंग्रज सरकारचे कंबरडे मोडले होते, तेव्हा जेम्स विल्सन नावाचा अर्थमंत्री विलायतेहून आला. त्याने १८६० साली हा कर बसवला आणि त्याच वर्षी ऑगस्टात तो कलकत्त्याला वारला. तो कर पाच वर्षांसाठी होता. कायमचा आयकर आला तो १८८६ च्या कायद्याने. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले, आणि सरकारी नोकराचा कर त्याच्या पगारातूनच कापून घ्यावा असे ठरवले. व्यापाऱ्याला मात्र आकारणी होईपर्यंत थांबण्याची मुभा. म्हणजे पगारदाराने हातात पैसा पडण्याआधी द्यायचे आणि व्यापाऱ्याने वर्ष उलटल्यावर, हा भेद शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

मधे एक गमतीचा प्रयोग झाला. १९१८ च्या कायद्याने असे ठरवले, की मागच्या वर्षाच्या उत्पन्नावरून चालू वर्षाचा कर तात्पुरता आकारावा, आणि चालू वर्षाचे खरे उत्पन्न कळले की कमीजास्तीचा मेळ घालावा. कल्पना न्यायाची होती. पण प्रत्येक माणसाची आकारणी दोनदा करावी लागे आणि दफ्तर थकून गेले. १९२२ च्या कायद्याने तो मेळ रद्द केला आणि मागील वर्षाच्या उत्पन्नावर या वर्षी कर, ही सरळ रीत धरली. दफ्तराची सोय झाली. पण सरकार कायमचे एक वर्ष मागे पडले, आणि आकारणी लांबली तर दोन वर्षे.

शांततेच्या काळात एक वर्ष मागे राहिले तर फारसे बिघडत नाही, महागाईत बिघडते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या कामगारांचा जीवनमान खर्च दुपटीहून अधिक वाढला. मार्च १९४० मध्येच गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला होता. त्या काळात ज्याने साठेबाजीत पैसा केला, त्याचा कर वर्षा-दोन वर्षांनी ठरायचा, आणि तोपर्यंत रुपयाची किंमत घसरलेली असायची. उशीर हीच सूट झाली! आणि ज्यांना सूट मिळाली ते गरजू होते असे कोणी म्हणणार नाही.

हाच पेच त्या वेळी अमेरिकेत आणि इंग्लंडातही पडला होता. अमेरिकेत आधीच्या वर्षाचा कर पुढच्या वर्षी भरीत. चांगल्या पगाराचा माणूस सैन्यात भरती झाला की शिपायाच्या पगारातून जुन्या पगाराचा कर देण्याची पाळी त्याच्यावर येई. बियर्डस्ली रम्ल नावाच्या गृहस्थाने, हा एका मोठ्या दुकानाचा खजिनदार होता, सुचवले की कराचे घड्याळ एक वर्ष पुढे करा. जून १९४३ मध्ये कायदा झाला. पगारदाराचा कर पगारातून, आणि धंदेवाल्याने आपल्या उत्पन्नाचा अंदाज जाहीर करून तिमाहीच्या हप्त्याने, अशी विभागणी ठरली. घड्याळ पुढे करताना एका वर्षाच्या कराचा मोठा भाग, बहुतेकांना पाऊण, माफ करावा लागला. इंग्लंडात पगारातून चालू कर कापण्याची योजना अर्थमंत्री किंग्स्ली वुड २१ सप्टेंबर १९४३ रोजी मांडणार होते. त्याच दिवशी सकाळी ते वारले. योजना एप्रिल १९४४ पासून लागू झाली.

आपल्याकडे १९४४ सालीच १९२२ च्या कायद्यात आगाऊ कराचे कलम घातले गेले. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा तेव्हापासूनच्या आहेत. सुरुवातीला अधिकारी मागच्या आकारणीवरून रकमेची नोटीस काढी. ती जास्त वाटली तर करदात्याने स्वतःचा अंदाज द्यावा, अशी मुभा होती. आगाऊ घेतलेल्या पैशावर प्रथम सरकारच व्याज देई, हे आज सांगितले तर मोंढ्यात कोणाला खरे वाटणार नाही. अमेरिकेसारखी माफी मात्र इकडे नव्हती. मागचे देणे आणि चालूचे आगाऊ देणे दोन्ही एकाच वर्षात अंगावर आले.

हे ब्रिटिश हिंदुस्थानात. जालन्यात तेव्हा काय होते? आगाऊ कर नव्हता, लेव्ही होती. युद्धकाळात हैदराबाद संस्थानात धान्याची सक्तीची वसुली चालू झाली, आणि ती जमिनीच्या क्षेत्रावरून बसे. पीक किती आले हा पुढचा प्रश्न. लहान शेतकऱ्यांनी बाजारातून धान्य विकत घेऊन लेव्ही घातल्याच्या तक्रारी होत्या. इजारदार गेल्याला ऐंशी वर्षे झाली होती. परक्याने केलेला अंदाज मात्र पुन्हा शेतकऱ्याच्या दारात उभा होता. व्यापाऱ्यांवरचा आयकर संस्थानात आला तो अगदी अखेरीस, १३५७ फसलीच्या कायद्याने, म्हणजे १९४७-४८ साली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले, आणि १ एप्रिल १९५० पासून १९२२ चा हिंदी कायदा इकडे लागू झाला. मृगाच्या वर्षावर वाढलेल्या या बाजारपेठेला एप्रिल ते मार्च हे वर्ष आणि चार तारखा तेव्हापासून लागल्या.

या तारखा आपल्या पिकांशी कशा बसतात ते पाहा. १५ जूनला मृग लागून आठवडा झालेला असतो. बियाण्याच्या दुकानावर झुंबड असते. जालना तर १९६४ पासून महिकोमुळे बियाण्याचे गाव म्हणून देशभर ओळखले जाते. बियाणेवाल्याच्या गल्ल्यात तेव्हा पैसा आहे. पण अडत्याचा मोंढा सुना आहे. सोयाबीन येणार दसरा-दिवाळीला, कापूस त्याच्या मागून, तूर संक्रांतीनंतर. त्याने जूनमध्ये वर्षाचा अंदाज करायचा म्हणजे पावसाचाच अंदाज करायचा. कायद्याने त्याला थोडी जागा ठेवली आहे, ती अशी.

ज्याचा वर्षाचा कर, कापला गेलेला वजा जाता, १०,००० रुपये किंवा अधिक होतो, त्याने १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पुरते १०० टक्के भरायचे. जूनमध्ये १२ आणि सप्टेंबरात ३६ टक्के भरले असतील तरी त्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. कंपनी नसलेल्यांना २०१६ पर्यंत सप्टेंबरपासून तीनच हप्ते होते. त्या वर्षी जूनचा हप्ता त्यांनाही लागला, आणि जुन्या सवयीने जून चुकवणारी माणसे अजून भेटतात. ठोक पद्धतीने उत्पन्न दाखवणाऱ्या लहान दुकानदाराने एकदम १५ मार्चपर्यंत भरले तरी चालते. अडतीच्या धंद्याला मात्र ती सवलत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका अडत्याचा वर्षाचा कर १,००,००० रुपये झाला. त्याने वर्षभर काही भरले नाही आणि पुढच्या जुलैत सगळे एकदम भरले. पहिल्या तीन तारखांना अनुक्रमे १५,०००, ४५,००० आणि ७५,००० भरायचे होते. त्यांवर दरमहा एक टक्क्याने तीन तीन महिन्यांचे ४५०, १,३५० आणि २,२५०. मार्चच्या लाखावर एका महिन्याचे १,०००. हे झाले ५,०५०. शिवाय वर्ष संपेपर्यंत नव्वद टक्के भरले नाहीत म्हणून एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे ४,०००. एकूण ९,०५० रुपये. या व्याजाची ही रचना १९८९ पासूनची आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा झाला, त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, हे आकडे तेच राहिले.

लोकांचा खरा गोंधळ होतो तो दोन वर्षांचे पैसे एकाच हंगामात भरावे लागतात म्हणून. जून-जुलैत आपण मागल्या वर्षाचे उरलेले देणे भरतो. ते पक्के झालेले असते, त्यात अंदाज नसतो. त्याच सुमारास चालू वर्षाचा पहिला हप्ता येतो; तो सगळा अंदाज. एकाच खिशातून, एकाच खात्याला, पण ही दोन निरनिराळी देणी आहेत. एक भरले म्हणून दुसरे फिटत नाही, आणि चलनावर वर्ष चुकले तर भरलेलेही न भरल्यासारखे दिसते. अमेरिकेत नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या मुलांना हाच घोळ १५ एप्रिलला पडतो. तिथे मागच्या वर्षाची बाकी आणि चालू वर्षाचा पहिला हप्ता एकाच दिवशी द्यायचे असतात.

पण इजारदाराच्या काळाहून एक फरक आहे आणि तो आम्हांला मोठा वाटतो. आज अंदाज करतो तो ज्याचे उत्पन्न आहे तोच. पाऊस फिरला, सोयाबीन बुडाले, तर त्याने डिसेंबरचा हप्ता कमी करावा. कोणाची परवानगी लागत नाही. जास्त भरले गेले तर परत मिळते. आमच्या ओळखीचे काही व्यापारी या हक्काचा उपयोगच करीत नाहीत. मुनीम मागच्या वर्षाचा आकडा उचलतो आणि तोच भरतो, किंवा मार्चपर्यंत काहीच भरत नाही. पुढे व्याज लागले की दोष सरकारला.

आणि कामगार? त्याला अंदाज करण्याचा हक्कही नाही आणि त्रासही नाही. खरे सांगायचे तर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत कर उरत नाही, त्यामुळे लोखंडाच्या रोलिंग मिलमधल्या बहुतेक माणसांचा आयकराशी संबंध राहिलेला नाही. पण व्यवसाय कराशी आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात माणसे खडी फोडायला गेली, त्यातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून २,५०० रुपये कापले जातात. दुकानदारही वर्षाला तेवढेच देतो. पण एकदाच, ३० जूनपर्यंत. रक्कम एक, घड्याळे दोन. कामगार महिनाभर राबतो, पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत मिळाला तर मिळतो, म्हणजे महिन्याची मजुरी त्याने मालकाला उसनीच दिलेली असते; आणि त्या मजुरीतला कर मात्र ती हातात पडण्याआधी गेलेला असतो.

तो गेला म्हणजे सरकारात पोचलाच, असेही नाही. आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्याने कित्येक महिने व्यवसाय कर कापला आणि भरलाच नाही. कामगारांच्या पगारपत्रकावर कपात होती, चलने नव्हती. आम्ही चलनांच्या प्रती मागितल्या तेव्हा आधी उद्धट उत्तरे आली, मग तीन महिन्यांत सगळी बाकी भरली गेली. आयकराच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, की मालकाने पगारातून कापलेला कर भरला नाही तर तो कामगाराकडून पुन्हा वसूल करता येत नाही. म्हणून पगारपत्रक जपून ठेवा, असे आम्ही प्रत्येक गेटसभेत सांगतो. आपल्या नावावर किती कर जमा झाला हे आता फोनवरही पाहता येते. पाहणारे फार थोडे.

त्या आमच्या जुन्या सभासदाने शेवटी व्याज भरले. पुढच्या वर्षी जूनपासून त्याने हप्ते भरले. दर वेळी मुलाला बरोबर घेऊन कचेरीत येई आणि वहीत आकडे लिहून नेई. सप्टेंबरात एक गाळा रिकामा झाला, तेव्हा डिसेंबरचा हप्ता कमी करता येतो का, हे त्याने आपणहून विचारले. मग त्याला साठ वर्षे पुरी झाली. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या, साठी गाठलेल्या माणसाला आगाऊ कराचे बंधन नाही. आता तो पुन्हा जुलैतच एकदम भरतो आणि व्याज लागत नाही. वही मात्र त्याने चालू ठेवली आहे; गाळ्यांचे भाडे, ठेवीचे व्याज आणि मृग कधी लागला त्याची तारीख, तिन्ही तीत असतात.